भामाची बोलणी

खांदा कॉलनी,
बुधवार

प्रिय कुंदन,

हाताशी फोन असताना ही बाई पत्र का लिहिते आहे, असं तुझ्या मनात येईल. येऊ दे. शाळेत तू म्हणायचास, शशिकलाला वेळ विचारली तर ती आधी घड्याळाचा इतिहास सांगते आणि तोवर तास संपतो. वयानं ती खोड कमी झालेली नाही. तरी मुद्दा आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच पत्र बाजूला ठेवणार नाहीस. पुढच्या आठवड्यात तुझ्या किशोरीची हळद आहे. पनवेलपासून उरणपर्यंतच्या निम्म्या पोरींच्या हळदीत ज्याची गाणी वाजली, त्या माणसानं स्वतःच्या मुलीला गाणं करायचं नाही असं ठरवलंय. बँडवाल्यांना तू सांगून मोकळा झालास की जुनीच वाजवा, लोक नाचतील. लोक नाचतीलच. लोक जनरेटरच्या आवाजावरही नाचतात. मला काळजी लोकांची नाही.

इकडचं सगळं ठीक आहे. विमानं सुरू झाल्यापासून माझ्या श्लोकाचा दुसरा चरण नेहमी आकाशात जातो. मुलं पहिला आणि शेवटचाच पाठ करतात आणि अर्थ लागतो म्हणतात. वर्गात संस्कृत घेणारी मुलं अजून आहेत, पण कारण तेच जे तुझं होतं: मार्क पडतात. तुला आठवतं का, खाडीकाठच्या गावातून एसटीनं येणारा एक काळासावळा मुलगा पहिल्याच दिवशी बाईंना म्हणाला होता, मला संस्कृत आवडत नाही पण ते मला पास करील. नंतर त्याच मुलानं अख्खं रामः रामौ रामाः कोळी चालीवर बसवलं आणि वर्गाला ठेका धरायला लावला. बाईंनी तुला बाहेर उभं केलं आणि आतून आम्ही सगळे तुझ्याच चालीवर विभक्त्या म्हणत राहिलो, कारण दुसऱ्या चालीवर त्या आठवेचनात. मी आजही वर्गात ती चाल मनातल्या मनात धरते. इतकी वर्षं पगार मी घेतला आणि चाल तुझी, हे कुणाला सांगू नकोस.

तर किशोरी. दिवाळीत ती फराळाचा डबा घेऊन आली, आणि डब्याबरोबर तुलाही घेऊन आली, म्हणजे तुझा निकाल. तिच्या ऑफिसात नवीन माणूस घेताना त्याच्या स्वभावाची चाचणी घेतात म्हणे. माणसांचे एकूण सोळा प्रकार, प्रत्येकाला चार इंग्रजी अक्षरं. तिनं ती चाचणी तुला दिली होती. तू आय, एन, एफ, पी निघालास. मी विचारलं, पास की नापास? ती म्हणाली, मावशी, यात पास-नापास नसतं. मी म्हटलं, मग ती चाचणी कसली, ती पत्रिका. पण तुझी उत्तरं तिनं नक्कल करून सांगितली तेव्हा मी चकली हातात धरून हसत राहिले. गर्दीत तुम्हाला उत्साह वाटतो की थकवा, या प्रश्नावर तू म्हणालास, गर्दी कुनाची, आपल्याकडची का नवऱ्याकडची? तुम्ही निर्णय डोक्यानं घेता की मनानं, यावर म्हणालास, भामा घ्यायची. आईचं असं नाव आल्यावर ती पोर काय करणार. मग तिनं 'मनानं' वर खूण केली. कुठेतरी करायला हवीच होती.

आणि कुंदन, तिनं नुसती अक्षरं चिकटवली नाहीत. तुझी गाणी तिनं नीट लावून पाहिली आहेत. ती म्हणते, पप्पा आतल्या आत राहणारे आहेत, म्हणून त्यांची गाणी एवढी गर्दीची. स्वतः नाचायचं नाही म्हणून दुसऱ्यांना नाचवायचं. ती म्हणते, तुझ्या एकाही गाण्यात 'मी' म्हणणारा बाप नाही. आई बोलते, नवरी बोलते, करवल्या बोलतात, बाप कुठेतरी मांडवाच्या खांबाला टेकून उभा. अशी माणसं परक्याचं दुःख हळुवार उचलतात, स्वतःचं आलं की दार लावून आत जातात, असं त्या सोळातल्या तुझ्या घरावर लिहिलेलं आहे. मी ऐकत गेले आणि मला ते खोटं वाटेना. तू हळदीत कुठे असतोस ते मला ठाऊक आहे. स्पीकरच्या मागे, वायर तपासल्याचं सोंग करत.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. आमच्या शास्त्रातही प्रकार आहेत, पण नायकाचे मोजून चार, आणि चारही 'धीर'. अधीर माणसाची सोयच नाही, त्याला बहुधा विदूषक करत असावेत. मी तुला धीरललितात बसवायला गेले. कलासक्त, मृदू, निश्चिंत. कलासक्त चालेल, पण रिक्षावाल्यानं सुटे नाहीत म्हटलं की तुझी निश्चिंती संपते. धीरोदात्ताला स्वतःची स्तुती वर्ज्य, आणि तू आपलंच गाणं लागलं की शेजारच्याला कोपर मारतोस. धीरप्रशांत व्हायला ब्राह्मण किंवा वाणी असावं लागतं. शास्त्रकारांनी खाडी पाहिलेली नव्हती, त्याला तू आणि मी काय करणार. भामाला मात्र मी नायिकांमध्ये चटकन जागा दिली होती: कलहान्तरिता, म्हणजे भांडून नवऱ्याला घालवते आणि मग त्याच्यासाठी झुरत बसते ती. हे तिला एकदा समजावून सांगितलं तर ती म्हणाली, पयला अर्दा माजा, झुरायला टाइम कोनाला हाय मास्तरीन बाय, पापलेट वास मारल तोवर.

उरण नाक्याच्या बाजारातून ती दुपारी परत यायची, पाटी पालथी घालायची, आणि आंघोळ करून माझ्या पायरीवर येऊन बसायची. तुम्ही माझ्या भिंतीला लागलेलं घर सोडून करंजाड्याला राहायला गेलात त्याला आता चार वर्षं होतील, भामा गेली त्याच सालात. शेजारी आता एक जोडपं आलंय, दोघं कानात काहीतरी घालून फिरतात, घरात शब्द नाही. भिंत इतकी शांत असू शकते हे मला माहीत नव्हतं.

आता तुझ्या गाण्यांकडे येते. किशोरीला तुझा प्रकार माहीत आहे, मला तुझी रीत माहीत आहे. तुझी आई गुणाबाई धवलारीण, लग्नाच्या एकेका विधीला एकेक धवला म्हणणारी. तिनं तुला शिकवलं होतं की नवरीचं गाणं नवरीच्या आईच्या तोंडात असतं, ते तिथूनच काढायचं. म्हणून तू गाणं करायच्या आधी मुलीच्या घरी जायचास. फोटो बघायचा नाहीस, नवऱ्याचं नाव विचारायचा नाहीस. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून आईला एवढंच विचारायचास: पोरीला कशावरनं बोलतेस गो? प्रत्येक आई आधी हेच सांगायची की नाय, आमची पोर गुनाची हाय. तू गप्प बसून राहायचास. चहा गार व्हायचा. मग एकदम धरण फुटायचं. नवरीला मात्र तू कधी विचारलं नाहीस. पोरीला इचारलं तर गाऱ्हानं मिलतं, गाना नाय मिलत, हे तुझंच वाक्य.

बेलपाड्याची हळद मी विसरणार नाही. गंगाबाईची मुलगी ओला टॉवेल पलंगावर टाकायची, रोज, आणि गंगाबाई रोज बोलायची. एवढंच घेऊन तू उठलास. मला वाटलं होतं, टॉवेलवर काय गाणं होणार. हळदीत बेंजोवर तीच ओळ आली,

ओला टावेल पलंगावरी,
कोन गो उचलील सासरी?

सगळं गाव नाचत होतं, पोरं खांद्यावर पोरं घेऊन. मी आणि भामा मांडवाच्या मागच्या बाजूला जेवणाच्या पातेल्यांजवळ उभ्या होतो आणि तिथे गंगाबाई गॅसच्या सिलेंडरवर बसून पदरात तोंड घालून रडत होती. भामा मला म्हणाली, बग, ह्याला शिव्यांतच गाना सापरतो. तिच्या आवाजात तक्रार होती, आणि मिरवणंही होतं. नंतर ती ओळ रिक्षांत वाजली, लोक तिच्यावर नुसतेच हसले. पण ती मुळात एका आईनं शेवटचा टॉवेल उचलल्याची ओळ आहे, आणि हे गावातल्या बायकांना कुणी सांगावं लागलं नाही. हे सोळा घरांच्या चाचणीत कुठे येतं ते मी किशोरीला विचारलं. ती म्हणाली, हे एफ मध्ये येतं मावशी, भावना. असेल. विहिरीचा घेर मोजता येतो, तोही उपयोगाचा असतो. झरा कुठल्या बाजूनं येतो ते मात्र आत उतरलेल्यालाच कळतं.

जाताना तिनं मला बजावलं. पप्पांशी आईबद्दल जपून बोल मावशी, त्यांच्या टाइपच्या माणसांना फार लागतं. मी मान हलवली. माझ्यासारख्या बाईनं, जिनं जन्मभर कुणाशी जपून बोलणं केलं नाही, तिनं चार अक्षरांचा उपदेश मनावर घेतला. विद्या विनय देते म्हणतात. मला तिनं नको तिथे दिला.

कारण संक्रांतीनंतर तू आलास. दुपारची वेळ, मी तिळाच्या वड्या पुढे केल्या, त्या तू खाल्ल्या नाहीस. तू बाहेर खुर्चीवर बसला नाहीस, आत येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलास. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मधल्या भिंतीकडे बघत तू म्हणालास, शशे, भामा पोरीला कशावरनं बोलायची गं? आणि मी जपून बोलले. म्हटलं, बोलायची? छे, कधीच नाही. पोरीत जीव होता तिचा, मोठ्या आवाजात हाक मारली नाही तिनं. गेलेल्या माणसाबद्दल आपण असंच बोलतो, फोटोला हार घालावा तसं. तू थोडा वेळ थांबलास. इतर आयांपुढे जितका थांबतोस तितका मात्र नाही. शशिकला खोटं बोलत नाही असा तुझा शाळेपासूनचा गैरसमज. तू उठलास, चप्पल घातलीस, आणि दारात म्हणालास, मंग ठीक. मला वाटलं, बरं वाटलं बिचाऱ्याला.

या रविवारी किशोरी पत्रिका द्यायला आली. अक्षता ठेवल्या, पाया पडली. मी विचारलं, गाणं कुठवर आलं? ती हसून म्हणाली, पप्पा नाही करत आहेत, त्यांना विषयच मिळाला नाही म्हणे. असू दे मावशी, त्यांचा टाइपच तसा आहे, जवळचं आलं की ते आत जातात. मला वाईट नाही वाटलं. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं, मेंदी कुठली, साड्या कुठल्या, करंजाड्याच्या हॉलला पार्किंग किती, त्याच ओघात. तिनं तुला माफ करून टाकलंय, कुंदन. सोळातल्या एका घरात तुला बसवून, पाण्याचा तांब्या ठेवून, बाहेरून कडी लावली आहे. इतक्या समजूतदारपणे माफ होण्यापेक्षा पोरीनं आदळआपट केलेली बरी. ती गेल्यावर मी पत्रिका देवापाशी ठेवली आणि 'विषय' हा शब्द माझ्या डोक्यात बसला. जगात एवढे विषय असताना तुला कुठला मिळाला नव्हता? तो मागायला तू कुठे कुठे गेला असशील? गुणाबाई नाही. भामा नाही. ज्या आईला विचारायचं तीच नाही, म्हणून तू भिंतीपलीकडच्या बाईकडे आला होतास, आणि तिनं तुला भामाचा हार घातलेला फोटो दाखवून परत पाठवलं.

तुला वाटत असेल, तूही त्याच घरात राहत होतास, मग तुला एकही बोलणं कसं आठवत नाही. स्वतःला दोष देत बसला असशील तर तो बंद कर. तू ऐकलं नाहीस कारण तिनं तुला ऐकू दिलं नाही. तो तिचा कायदा होता. तू बंदरावरच्या ड्यूटीवर, नाहीतर बँडबरोबर गावोगावी, आणि ज्या वेळी घरी त्या वेळी भामा म्हणजे साखर. मी एकदा विचारलं होतं, हे काय गौडबंगाल? ती म्हणाली, पोरीला बापासमोर बोलायचं नाय. बापूस मदी परतो, पोर त्याच्या मागं लपतं, न मंग आपून एकलीच वाईट. तुझी स्कूटर कोपऱ्यावर वाजली की बोलणं जिथे असेल तिथे तुटायचं. कितीतरी वाक्यांचा शेवट मी तुझ्या हॉर्नमुळे ऐकलेला नाही. पण सुरुवाती सगळ्या ऐकल्या. त्या भिंतीला कान लावायची गरज नव्हती, कान झाकायची होती.

आता ते सगळं देते. समोर बसून सांगायला लागले असते तर तुझा चेहरा बघून मी भामाला पुन्हा गोड केलं असतं, तेवढा भरवसा मला माझ्यावर राहिलेला नाही. म्हणून कागद. किशोरी अर्धा कप चहा खिडकीत ठेवून विसरायची. चाय कोनाला ठेवतंस, मुंग्यांचं लगीन लावलंस काय? बोंबील साफ करायला बसवलं की तो दोन बोटांनी धरायची. बोंबील हाय तो, पाल नाय, कोल्याची पोर न मासल्याला घाबरतंय. उंबऱ्यात उभी राहून केस विंचरायची, त्यावर तर रोजचा पाठ होता. पण हे सगळं वरवरचं, असं प्रत्येक घरात असतं. भामा खरी पेटायची ती जेवताना. ताटातलं संपलं तरी ही पोर मागायची नाही. आवडीची तुकडी समोर कढईत दिसत असायची आणि ही पाणी पिऊन उठायची. मग भिंत हलायची. माग गो, तोंड हाय ना तुला? वाढनारीला काय सपान परतं? उद्या सासरी उपाशी मरशील न वर सांगशील, मना भूकच नव्हती. असं ओरडून झालं की पायरीवर येऊन माझ्याजवळ बसायची, आणि एकदा म्हणाली, मानसं दोनच जातीची मास्तरीन बाय, मागनारी आनि न मागनारी. माज्या घरात दोगंबी न मागनारी परली, बापूस न पोर. मंग वरडायचं कोनी, मीच ना? मी सोळा घरं पाहिली, माझी चार पाहिली, पण मला वाटतं भामाची दोन पुरेशी होती. तू माझ्या उंबऱ्यावर येऊन एकदाच विचारलंस आणि उठलास. आणि रविवारी ती जे 'असू दे मावशी' म्हणाली, ते पाणी पिऊन उठणं होतं, मला ते चांगलं ओळखू येतं. तिनं तुझ्याकडे गाणं मागितलेलं नाही, मागणारही नाही. तू वाढ.

तुझीच,
भामाच्या भिंतीपलीकडची,
शशिकला